सत्तावन्नाव्या वर्षी संसदेत: हिरोमु नोनाका यांची कारकीर्द

जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात घडलेल्या १९९०च्या दशकातील बड्या नेत्यांकडे पाहिले, तर र्युतारो हाशिमोतो, केइझो ओबुची, इचिरो ओझावा, कोइची कातो, जुनइचिरो कोइझुमी हे सगळे खासदारांचे मुलगे होते. वडिलांचा मतदारसंघ, वडिलांचे कार्यकर्ते आणि वडिलांची देणगीदार मंडळी त्यांना वारशात मिळाली, आणि त्यांतले बहुतेक जण तिशीच्या आसपास संसदेत दाखल झाले. याच पक्षात, याच काळात, सरकार कोणाचे बनेल आणि किती दिवस टिकेल हे ठरवणाऱ्यांपैकी एक माणूस मात्र वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा खासदार झाला होता. त्याआधीची बत्तीस वर्षे त्याने गावच्या आणि प्रांताच्या राजकारणात काढली होती, आणि ज्या समाजात तो जन्मला त्याचे नाव जपानी माणूस आजही चारचौघांत मोठ्याने घेत नाही. हिरोमु नोनाका यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हा लेख.

नोनाकांचा जन्म २० ऑक्टोबर १९२५ रोजी क्योटो प्रांतातील सोनोबे या गावी झाला. क्योटो म्हटले की मंदिरे आणि चहाचे विधी आठवतात. सोनोबे त्यापासून दूर, डोंगराळ भागातले शेतीचे गाव आहे आणि आता ते नानतान या शहरात सामील झाले आहे. नोनाकांचे घराणे बुराकू समाजातले. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, खाटीककाम, मृतदेहांची विल्हेवाट ही कामे ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या लादली गेली आणि त्याच कामांमुळे ज्यांना अपवित्र ठरवले गेले, त्यांचे हे वंशज. १८७१ साली सरकारी फर्मानाने ही पायरी कायद्यातून पुसली गेली, पण समाजाने ती पुसली नाही. नोनाकांच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, ३ मार्च १९२२ रोजी, याच क्योटोत या समाजाच्या लोकांनी एकत्र येऊन ‘सुईहेइशा’ ही संघटना स्थापन केली होती. इकडे मुंबईत डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली ती १९२४ साली, म्हणजे दोन्ही समाज जवळजवळ एकाच वेळी संघटितपणे उभे राहिले.

एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे, कारण नोनाकांचे आयुष्य त्याशिवाय कळत नाही. बुराकू माणूस दिसण्यावरून, बोलण्यावरून किंवा पोशाखावरून ओळखू येत नाही. आडनावावरूनही खात्री होत नाही. त्याची ओळख पटते ती राहत्या वस्तीच्या नावावरून आणि कुटुंबनोंदणीच्या दप्तरावरून. लग्न जुळवताना किंवा नोकरी देताना गुप्तपणे चौकशी करण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. १९७५ साली असे उघडकीला आले की देशभरच्या बुराकू वस्त्यांची नावे-पत्ते असलेल्या याद्या छापून विकल्या जात होत्या आणि नामांकित कंपन्या त्या विकत घेऊन उमेदवारांची पारख करत होत्या. अशा व्यवस्थेत माणूस गाव सोडून दूर गेला तर काही वर्षे सर्वसाधारण नागरिक म्हणून जगू शकतो, पण कोणीतरी ओळखीचा भेटेल ही टांगती तलवार कायम डोक्यावर राहते.

ती तलवार नोनाकांवर पडली. शालेय शिक्षण संपल्यावर १९४३ साली ते ओसाकाच्या रेल्वे विभागात नोकरीला लागले. (पुढे पंतप्रधान झालेले एइसाकू सातो युद्धाच्या शेवटच्या काळात याच विभागाचे प्रमुख होते.) १९४५ साली त्यांना सैन्यात भरती करण्यात आले आणि युद्ध संपले तेव्हा ते शिकोकू बेटावरील कोची इथे होते. शरणागतीची बातमी आल्यावर सोबत्यांबरोबर जीव द्यायला ते समुद्रकिनाऱ्यावर गेले होते आणि एका अधिकाऱ्याने त्यांना खडसावून परत पाठवले, ही हकिकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. रेल्वेत परतल्यावर त्यांनी झपाट्याने प्रगती केली. आपल्याच गावाकडच्या एका तरुणाला त्यांनी नोकरीत आधार दिला, सांभाळले; आणि एके दिवशी तोच तरुण इतरांना सांगताना त्यांच्या कानावर पडले की नोनाका इथे ओसाकात मोठे असतील, पण गावाकडे ते बुराकूतलेच आहेत. नोनाकांनी ती नोकरी सोडली. जिथे आपण कोण आहोत हे सगळ्यांना आधीच माहीत आहे तिथेच उभे राहायचे असे ठरवून ते सोनोबेला परतले आणि १९५१ साली, पंचविसाव्या वर्षी, नगरपरिषदेवर निवडून आले.

दिल्लीतल्या किंवा टोकियोतल्या राजकारणावर लिहिणारे लोक अशा स्थानिक कारकिर्दीला एका वाक्यात उरकतात. मला मात्र नोनाकांचा सगळा पिंड याच बत्तीस वर्षांत घडला असे वाटते. १९५८ साली ते सोनोबेचे नगराध्यक्ष झाले. रस्ते, पूल, पाण्याच्या योजना यांसाठी टोकियोतल्या मंत्रालयांचे उंबरे झिजवणे, कोणत्या खात्यातला कोणता अधिकारी कोणत्या कारणाने नाही म्हणतो हे ओळखणे आणि ‘नाही’चे ‘हो’ करून घेणे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. पुढे केंद्रीय मंत्री झाल्यावर अधिकाऱ्यांना त्यांची जी धास्ती वाटे, ती या शिक्षणातून आलेली होती. १९६७ साली ते क्योटोच्या प्रांतिक विधानसभेत गेले. त्या वेळी प्रांताचे राज्यपाल होते तोराझो निनागावा. समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांच्या पाठिंब्यावर ते १९५० ते १९७८ अशी सलग अठ्ठावीस वर्षे निवडून येत राहिले. जपानमध्ये राज्यपाल थेट जनतेकडून निवडला जातो, तेव्हा ही गोष्ट साधी नव्हे. डाव्या विचारांच्या या बालेकिल्ल्यात विरोधी बाकावरून आकडेवारीनिशी प्रश्न विचारून निनागावांना घाम फोडणारा आमदार अशी नोनाकांची ख्याती झाली. निनागावा पायउतार झाल्यावर १९७८ साली युकिओ हायाशिदा राज्यपाल झाले आणि नोनाका उपराज्यपाल.

बुराकू प्रश्नावर त्यांची भूमिका या काळातच पक्की झाली आणि ती कोणत्याच बाजूला पूर्णपणे पसंत पडली नाही. भेदभावाविरुद्ध ते आयुष्यभर बोलले, पण सरकारी मदतीच्या विशेष योजना अनिश्चित काळ चालू ठेवण्याला त्यांचा विरोध होता. त्यातून शेजारच्या गरिबांच्या मनात नवी असूया निर्माण होते आणि काही पुढाऱ्यांचे हितसंबंध तयार होतात, असे ते विधानसभेत उघडपणे सांगत. १९६९ साली सुरू झालेला विशेष योजनांचा कायदा अखेर २००२ साली संपला. मला त्यांचा हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, कारण वस्त्यांमधली घरे आणि रस्ते सुधारले तरी लग्नाच्या वेळी होणारी चौकशी थांबली नव्हती. पण तो करणारा माणूस बाहेरून सल्ला देत नव्हता, एवढे लक्षात ठेवावे लागते.

ऑगस्ट १९८३ मध्ये क्योटोच्या दुसऱ्या मतदारसंघात दोन खासदारांच्या निधनामुळे दोन जागांसाठी पोटनिवडणूक झाली. एका जागेवर नोनाका निवडून आले. दुसऱ्यावर दिवंगत खासदारांपैकी एकाचे चिरंजीव, अडतीस वर्षांचे सादाकाझु तानिगाकी. एकाच दिवशी संसदेत पाऊल ठेवणाऱ्या या दोघांमधला फरक पक्षाची रचनाच सांगून जातो.

पक्षातल्या माजी पंतप्रधान नोबोरु ताकेशिता यांच्या गटात नोनाका शिरले आणि १९९२-९३ साली तो गट फुटला तेव्हा त्यांनी ओझावांच्या विरोधात ओबुचींची बाजू घेतली. ओझावा पक्ष सोडून गेले आणि १९५५ पासून सत्तेत असलेला पक्ष १९९३ साली प्रथमच विरोधी बाकांवर बसला. तिथे बसून काय करायचे हे पक्षातल्या फार थोड्या लोकांना माहीत होते. नोनाकांना ते क्योटोत निनागावांपुढे पाठ झालेले होते. पंतप्रधान मोरिहिरो होसोकावा यांनी सागावा या वाहतूक कंपनीकडून घेतलेल्या कर्जाच्या प्रकरणावर त्यांनी अर्थसंकल्प समितीत असा मारा केला की होसोकावांच्या राजीनाम्यामागे त्याचा मोठा वाटा होता.

त्यानंतर जे घडले ते जपानी राजकारणातले मोठे आश्चर्य आहे. जून १९९४ मध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने अडतीस वर्षांच्या शत्रूशी, म्हणजे समाजवादी पक्षाशी, हातमिळवणी केली आणि समाजवादी नेते तोमिइची मुरायामा पंतप्रधान झाले. नोनाकांना गृहखाते आणि राष्ट्रीय सार्वजनिक सुरक्षा आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. मुरायामा हे मच्छीमाराच्या घरातले, तेही नगरपरिषद आणि प्रांतिक विधानसभा अशी पायरी चढून आलेले, तेही युद्धात भरती झालेले. पक्षांची नावे वेगळी असली तरी या दोघांना एकमेकांचे बोलणे सहज कळत होते, आणि ही आघाडी टिकली त्यामागे हे एक कारण होते असे मला वाटते.

मंत्रिपदाचे ते तेरा महिने मात्र अतिशय कठीण गेले. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात भूकंप झाला आणि ६,४३४ माणसे मृत्युमुखी पडली. सरकारची मदत उशिरा पोहोचली ही टीका रास्तच होती. २० मार्चला ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला, ३० मार्चला राष्ट्रीय पोलीस प्रमुखांवर त्यांच्या राहत्या इमारतीसमोर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पंथाचा प्रमुख शोको आसाहारा पकडला गेला तो १६ मे रोजी. मधल्या काळात पोलिसांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून जनतेच्या भीतीचे सारे ओझे नोनाकांच्या खांद्यावर होते. जूनमध्ये एका विमानाचे अपहरण झाले, त्यात ३६५ माणसे होती, आणि हाकोदाते विमानतळावर पोलिसांनी पहाटे विमानात घुसून सर्वांची सुटका केली.

आता त्या भाषणाकडे येतो, ज्यामुळे मी नोनाकांविषयी वाचायला सुरुवात केली. १९४५ साली जिथे भीषण लढाई झाली त्या ओकिनावा बेटावरील अमेरिकी तळांसाठी घेतलेल्या खासगी जमिनींचे काही करार मे १९९७ मध्ये संपणार होते आणि अनेक जमीनमालक नव्याने सही करायला तयार नव्हते. मालकांची इच्छा नसली तरी जमीन वापरत राहता यावी म्हणून सरकारने कायद्यात दुरुस्ती आणली. तिच्यासाठी नेमलेल्या विशेष समितीचे अध्यक्ष नोनाका होते. ११ एप्रिल १९९७ रोजी समितीचा अहवाल सभागृहात मांडून झाल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि १९६२ सालची आठवण सांगितली. त्या वर्षी, ओकिनावा अजून अमेरिकेच्या ताब्यात असताना, ते क्योटोच्या मृत सैनिकांच्या स्मारकासाठी जागा पाहायला तिथे गेले होते. गिनोवान इथे टॅक्सीचालकाने गाडी थांबवली, उसाच्या शेताच्या बांधाकडे बोट दाखवले आणि रडत सांगितले की माझी बहीण तिथे मारली गेली, आणि तिला मारणारे अमेरिकी नव्हते, म्हणजे जपानी सैनिकच होते. हे सांगून नोनाका सभागृहाला म्हणाले की या कायद्याने ओकिनावाच्या लोकांना पुन्हा लष्करी बुटांखाली तुडवले जाऊ नये, आणि या सभागृहाचे कामकाज युद्धकाळातल्या एकमुखी संसदेसारखे होऊ नये, अशी तरुण सदस्यांना माझी विनंती आहे. विधेयकाला जवळजवळ नव्वद टक्के सदस्यांचा पाठिंबा होता आणि ते संमत झाले. अध्यक्षांच्या भाषणाचा हा भाग अहवालाचा विषय नव्हता या कारणाने कामकाजातून वगळण्यात आला. क्योटोच्या सैनिकांचे ते स्मारक १९६४ साली काकाझूच्या टेकडीवर उभे राहिले, आणि त्यावरच्या कोरीव मजकुरात ओकिनावाच्या रहिवाशांच्या मृत्यूबद्दलही शोक व्यक्त केलेला आहे.

विधेयक पुढे रेटायचे आणि त्याच व्यासपीठावरून त्याच्याविरुद्ध सावधही करायचे, याला दुटप्पीपणा म्हणणारे लोक तेव्हाही होते. त्यांचे म्हणणे मी झटकून टाकू शकत नाही, कारण दोनच वर्षांनी नोनाकांनी जे केले ते या भाषणाशी मेळ खात नाही.

जुलै १९९८ मध्ये ओबुची पंतप्रधान झाले आणि नोनाका मुख्य कॅबिनेट सचिव. आपल्याकडे सचिव म्हटले की सनदी अधिकारी डोळ्यांसमोर येतो. जपानमध्ये हे पद मंत्र्याचे असते, आणि सरकारचा प्रवक्ता, खात्यांमधला समन्वयक आणि पंतप्रधानांचा उजवा हात ही तिन्ही कामे तोच करतो. वरिष्ठ सभागृहात सरकारचे बहुमत नव्हते आणि बँका कोसळत होत्या. नोनाकांनी बहुमत जुळवायला घेतले. ज्या ओझावांना त्यांनी वर्षानुवर्षे सैतान म्हटले होते, त्यांच्यापुढे देशासाठी लोटांगण घालायलाही तयार आहे असे ते जाहीरपणे म्हणाले, आणि जानेवारी १९९९ मध्ये ओझावांचा पक्ष सरकारात आला. आधी बाहेरून साथ देणारा कोमेइतो हा पक्षही ऑक्टोबरमध्ये सरकारात आला. त्या पक्षाच्या आग्रहाखातर मुले असलेल्या कुटुंबांना आणि काही वृद्धांना माणशी २०,००० येनची खरेदी कुपने वाटली गेली आणि सुमारे ७०० अब्ज येन त्यावर खर्च झाले. आर्थिकदृष्ट्या ही योजना वाया गेली, हे नोनाकांनाही ठाऊक होते.

या बहुमताच्या जोरावर १९९९ च्या एका अधिवेशनात काय काय संमत झाले ते पाहावे. मे महिन्यात अमेरिकेशी संरक्षण सहकार्य वाढवणारे कायदे आणि ऑगस्टमध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्याची पोलिसांना परवानगी देणारा कायदा आला. त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा कायदा आला, आणि त्यासाठी सर्वांत जास्त खटपट नोनाकांनी केली. हिरोशिमा प्रांतातील एका शाळेत पदवीदान समारंभात ध्वज आणि गीत असावे की नसावे या वादात सापडलेल्या मुख्याध्यापकांनी फेब्रुवारीत आत्महत्या केली होती. कायदा स्पष्ट असता तर हा माणूस वाचला असता, असे नोनाकांना मनापासून वाटत होते. कनिष्ठ सभागृहात कायदा ४०३ विरुद्ध ८६ मतांनी संमत झाला. कोणावरही सक्ती होणार नाही असे सरकारने सांगितले होते. पण २००३ साली टोकियोच्या शिक्षण मंडळाने आदेश काढला आणि गीताच्या वेळी उभे न राहणाऱ्या शेकडो शिक्षकांना पुढे शिक्षा झाल्या. एकमुखी संसदेची भीती ज्याने १९९७ साली बोलून दाखवली, त्यानेच १९९९ साली तशी संसद उभी केली, हे मला टाळता येत नाही. त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ असलेल्या यासुकुनी देवस्थानातून युद्धगुन्हेगार नेत्यांची नोंद वेगळी करावी, म्हणजे सर्वांना तिथे जाता येईल, असेही सुचवले. देवस्थानाने ते मानले नाही.

एप्रिल २००० मध्ये ओबुची पक्षाघाताने कोसळले. पाच नेत्यांनी बंद दाराआड बसून योशिरो मोरी यांना पंतप्रधान ठरवले. त्या पाचांत नोनाका होते, आणि त्या निवडीवर लोकांनी केलेली टीका योग्य होती. पक्षाचे सरचिटणीस झालेल्या नोनाकांनी नोव्हेंबरमध्ये कोइची कातो यांचे बंड मोडले. मोरींविरुद्धच्या अविश्वास ठरावाला कातो पाठिंबा देणार होते. पक्षातून काढू, पुढच्या निवडणुकीत तिकीट देणार नाही, तुमच्या मतदारसंघात दुसरा उभा करू, असे एकेका खासदाराला कळवत नोनाकांनी कातोंचा गट पोखरला. कातो शेवटच्या क्षणी गळाले आणि ठराव १९० विरुद्ध २३७ मतांनी पडला. त्या रात्री ‘तुम्ही सेनापती आहात’ असे रडत सांगून कातोंना सभागृहात जाण्यापासून अडवणारा सहकारी म्हणजे क्योटोचे तेच तानिगाकी.

पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव २००० आणि २००१ साली पुन्हा पुन्हा पुढे आले आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते नाकारले. आपला तो वकूब नाही असे ते म्हणत. हे एकच कारण होते का, अशी शंका घ्यायला जागा आहे. पक्षातल्या एका गटाच्या बैठकीत, बुराकूतल्या माणसाला जपानचा पंतप्रधान कसे करता येईल, अशा अर्थाचे उद्गार पुढे पंतप्रधान झालेले तारो आसो यांनी काढले, असा नोनाकांचा आरोप होता. सप्टेंबर २००३ मध्ये पक्षाच्या सर्वसाधारण परिषदेच्या बैठकीत त्यांनी उभे राहून, आसोंच्या समोर, ते उद्गार आपण कधीही क्षमा करणार नाही असे सांगितले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका चरित्रातून हा प्रसंग लोकांपर्यंत पोहोचला. आपण असे काही बोललो नाही, असे आसोंनी संसदेत सांगितले. त्यांच्यातले खरे-खोटे मी ठरवू शकत नाही. ओसाकातल्या रेल्वे कचेरीपासून अर्धे शतक लोटले होते आणि मुख्य कॅबिनेट सचिवपद भूषवलेल्या माणसाला तरीही हा विषय स्वतःच काढावा लागला, एवढे मात्र नोंदवायला हवे.

त्याच महिन्यात त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तेव्हाचे पंतप्रधान कोइझुमी यांचे खासगीकरण आणि खर्चकपात यांमुळे सोनोबेसारखी गावे ओसाड पडतील, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. टपाल कचेरी, रस्ते आणि शेतीच्या पाटबंधाऱ्यांवरचा खर्च म्हणजेच पक्षाचे मतांचे भांडवल होते, हेही तितकेच खरे. पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्याच गटातील मिकिओ आओकी कोइझुमींना जाऊन मिळाले. पदांच्या आमिषाने विकल्या गेलेल्यांसाठी नोनाकांनी वापरलेला ‘विषारी मोदक’ हा शब्दप्रयोग त्या वर्षी सगळ्या जपानच्या तोंडी झाला. निवृत्तीच्या दोन महिने आधी, जुलैमध्ये, इराकला सैन्य पाठवण्याच्या विधेयकावर मतदानाच्या वेळी ते माकोतो कोगा यांच्यासह सभागृहाबाहेर निघून गेले होते. कोगांचे वडील युद्धात मारले गेले होते. पक्षशिस्तीच्या नावाखाली कातोंना चिरडणाऱ्या माणसाने स्वतः शिस्त मोडली ती या एका विषयावर.

निवृत्तीनंतरही ते गप्प बसले नाहीत. २०१० साली त्यांनी उघड केले की मुख्य कॅबिनेट सचिव असताना हिशेब द्यावा न लागणाऱ्या गुप्त निधीतून ते दरमहा ५ ते ७ कोटी येन खर्च करत आणि त्यातले पैसे राजकीय भाष्यकारांनाही पोहोचत. अशी कबुली त्या पदावरच्या माणसाने देणे ही फार दुर्मीळ गोष्ट होती. जून २०१३ मध्ये बीजिंगला जाऊन त्यांनी सांगितले की जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांचा प्रश्न बाजूला ठेवण्याचे १९७२ साली दोन्ही देशांनी मान्य केले होते, आणि हे आपण १९७२ सालचे पंतप्रधान काकुएई तानाका यांच्याकडूनच ऐकले आहे. जपान सरकारने लगेच इन्कार केला आणि उजव्या विचारांच्या लोकांनी त्यांना देशद्रोही ठरवले. शिंझो आबे सरकारने सामूहिक संरक्षणाच्या, म्हणजे मित्रदेशावर हल्ला झाला तर त्याच्या बाजूने लढण्याच्या, हक्काचा अर्थ बदलला तेव्हाही, युद्ध पाहिलेल्या पिढीचा माणूस म्हणून, त्यांनी कडाडून विरोध केला. या बदलावर आधारलेले कायदे १९ सप्टेंबर २०१५ रोजी संमत झाले. त्या दिवशी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस होते सादाकाझु तानिगाकी. नोनाका तेव्हा नव्वदीला टेकले होते. २६ जानेवारी २०१८ रोजी क्योटोत त्यांचे निधन झाले.